उकिरडा ते खत : कोणता कचरा कुठे घालायचा?



या वेळचा पाठ कचऱ्याचा आहे. गटाच्या बैठकीत खताचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "आमच्या दारात उकिरडा आहेच की! बापजाद्यांपासून तेच शेतात टाकतोय. मग हे वेगळं खत कशाला?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर नीट मिळालं नाही तर कुणी हौदही बांधणार नाही आणि बांधला तरी भरणार नाही. म्हणून आधी उत्तर, मग कृती.

त्याआधी माझी फजिती सांगते. पहिल्यांदा खत करायचं ठरवलं तेव्हा मी जूनच्या पहिल्या आठवड्यात घरामागे तीन फूट खोल खड्डा खणला. शेण, पालापाचोळा, भाजीची देठं सगळं त्यात टाकलं. जुलैत खड्डा काठोकाठ भरला. काळं पाणी आणि वास असा की शेजारच्या वहिनी पदर नाकाला लावून जायच्या. सासूबाई म्हणाल्या, "खत केलंस की डबकं?" गणपतीत तो खड्डा बुजवला. चूक एवढीच होती की कोरड्या मुलखातली पद्धत मी आपल्या मुलखात तशीच केली. शहापूर-मुरबाडला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे खड्डा खणला की तळंच होणार. आपल्याकडे खत जमिनीच्या वर करायचं, खाली नाही. हा पाठाचा पहिला नियम.

१. उकिरडा आणि खत यांत फरक काय?

कचरा कुजवणारे जीव डोळ्यांना दिसत नाहीत, पण आपल्यासारखेच त्यांनाही खायला, प्यायला आणि श्वासाला लागतं. उकिरड्यात शेण एका जागी पडतं, त्यावर राख, त्यावर केर. आत हवा जात नाही. उन्हात वरचं शेण वाळतं आणि त्यातलं नत्र वायू होऊन उडून जातं. आपल्याला नाकाला झोंबतो तो वास म्हणजे उडून चाललेलं खतच. पावसात उरलेला कस पाण्याबरोबर ओहोळात जातो. मे महिन्यात आपण पाट्या भरभरून शेतात नेतो त्यात वजन असतं, कस थोडा असतो. शिवाय तणाचं बी जिवंत राहतं आणि प्लास्टिकच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, ब्लेड, काचा भाताच्या खाचरात जातात. आवणीच्या वेळी त्या आपल्याच पायात घुसतात.

खत करणं म्हणजे तोच कचरा थर लावून, ओल राखून, हवा खेळती ठेवून कुजवणं. कचरा तोच, मेहनत थोडी जास्त. पण कस शेतात पोचतो.

ही विद्या बाहेरून आलेली नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने इंदूरला यशवंत वाड यांच्यासोबत खताची पद्धत बसवली आणि १९३१ साली दोघांनी मिळून त्यावर पुस्तक लिहिलं. हॉवर्ड इथल्या शेतकऱ्यांना आपले गुरू मानायचे. पुढे आपल्याच महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात भरपूर खत करण्याची रीत शोधली. त्यांच्या नावाची पहिली अक्षरं घेऊन तिला 'नाडेप' म्हणतात. आजचा पाठ मुख्यतः त्याच पद्धतीवर आहे.

२. घरातल्या कचऱ्याचे पाच ढीग

आधी कचरा ओळखू. उद्या सकाळी झाडलोट करताना मनातल्या मनात हे पाच ढीग करून बघा.

पहिला, सुका ढीग : भाताचा पेंढा, गवत, वाळलेला पाला, नाचणी-वरईची ताटं, तूस, गोठ्यात गुरांनी खाऊन टाकलेली वैरण, पळसाच्या पत्रावळी. सागाचं पान जाड असतं, लवकर कुजत नाही. ते चुरून शेणपाण्यात रात्रभर भिजवा. तूस तर फारच चिवट. ते आधी गोठ्यात गुरांखाली पसरा. मुतात भिजलं की मग खतात घाला. भेंडी संपल्यावर उपटलेली झाडं बांधावर जाळू नका, कोयत्याने वीतभर तुकडे करा. केवडा पडलेली झाडंसुद्धा चालतात. तो रोग पांढऱ्या माशीमुळे पसरतो, मातीतून नाही. फक्त ती झाडं बांधावर पडू देऊ नका, लगेच थराखाली घाला. ज्या झाडांच्या मुळांना गाठी आहेत ती मात्र नकोत.

दुसरा, ओला ढीग : शेण, लेंड्या, कोंबड्यांची विष्ठा, भाजीची देठं, फळांच्या साली, उष्टं, देवाचं निर्माल्य, हिरवं गवत. पावसाळ्यात रानभर उगवणारा टाकळा आणि रानमोडी फुलावर येण्याआधी कापून आणा, ते फुकटचं हिरवं खत आहे. कुंपणाला गिरिपुष्प असेल, ज्याला कुणी उंदीरमारी म्हणतं, तर त्याचा पाला उत्तम. मासळीचे काटे आणि कोंबडीची घाण थोडीच, आणि थराच्या मधोमध खोल पुरा, नाहीतर कुत्री उकरतात.

तिसरा, राख : चुलीच्या राखेत पालाश असतं आणि ती जमिनीची आंबटी कमी करते. पण ओल्या शेणावर किंवा कोंबडीखतावर राखेचा ढीग घालू नका. राखेमुळे त्यांतलं नत्र वायू होऊन उडतं. राख वेगळ्या डब्यात साठवा. परसबागेत मिरची-वांग्याला किंवा तयार खतात मिसळून वापरा.

चौथा, विकायचा किंवा द्यायचा ढीग : प्लास्टिक पिशव्या, बाटल्या, पत्रा, काच, पुठ्ठा. हा कोरडा ठेवा. पाण्यात भिजलेलं प्लास्टिक भंगारवालाही घेत नाही. चहाचे कागदी कप कागदाचे दिसले तरी आतून प्लास्टिकचा थर असतो, ते खतात नकोत. लग्नाकार्यातल्या थर्माकोलच्या ताटल्याही नकोत. हळदीला, लग्नाला पत्रावळी वापरल्या तर दुसऱ्या दिवशी तेच खत होतं. हे ठरवणं बऱ्याच घरी बायकांच्याच हातात असतं.

पाचवा, धोक्याचा ढीग : फवारणीच्या औषधांच्या बाटल्या, जुनी गोळ्या-औषधं, सेल, बल्ब, सुया, सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर. हे खतात, विहिरीजवळ किंवा चुलीत कधीही नाही. फवारणीची बाटली तीनदा धुवा, ते पाणी पंपातच ओता आणि बाटलीला भोक पाडा, म्हणजे कुणी तिच्यात तेल किंवा पाणी भरणार नाही. पॅड कागदात गुंडाळून वेगळी ठेवा. गावात त्यांची विल्हेवाट कशी लावायची हा प्रश्न ग्रामसभेत मांडा. लाजून गप्प बसलो तर ती ओहोळातच जातात.

प्लास्टिक चुलीत घालून विस्तव पेटवायची सवय बऱ्याच घरांत आहे. तो धूर सगळ्यात आधी चुलीपुढे बसलेलीच्या आणि तिच्या मांडीवरल्या बाळाच्या छातीत जातो. ही सवय सोडायलाच हवी.

३. भाकरी आणि कालवणाचं माप

नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही आणि नुसतं कालवण पिऊन पोट भरत नाही. कुजवणाऱ्या जीवांचंही तसंच आहे. सुका कचरा ही त्यांची भाकरी, त्यात कर्ब असतो. ओला कचरा हे कालवण, त्यात नत्र असतं. पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असलं की जीव जोमाने काम करतात. पेंढ्यात हे प्रमाण साठ-सत्तरला एक असतं, म्हणून नुसता पेंढा वर्षभर तसाच पडून राहतो. शेणात साधारण वीस-पंचवीसला एक. कोंबडीखतात दहाला एकच्या आसपास, म्हणून ते ताजं झाडाला घातलं तर मूळ जळतं आणि ढिगात जास्त झालं तर वास मारतं.

हिशेब पाठ करायची गरज नाही. पाटीने मोजा : सुका कचरा तीन पाट्या, तर हिरवा पाला किंवा ओला कचरा एक पाटी, वर शेणाचं पाणी. वास आला तर कालवण जास्त झालं, सुका घाला. महिनाभर काहीच हललं नाही तर भाकरी जास्त झाली, शेणपाणी द्या.

ओल किती हवी? मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर पाणी जास्त, मूठ उघडताच भुगा झाला तर पाणी कमी.

४. नाडेपचा हौद आणि आपला लहान हौद

मूळ नाडेपचा हौद आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतो. भिंत विटांची, ९ इंच जाडीची आणि हवेसाठी मधल्या थरांत विटा सोडून झरोके ठेवलेले. एका हौदाला साधारण १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १,७५० किलो कोरडी चाळलेली माती आणि १,५०० ते २,००० लिटर पाणी लागतं. तीन-चार महिन्यांत सुमारे ३ टन खत निघतं. शेणाचा आकडा पुन्हा वाचा. शंभर किलो शेणात तीन टन खत! ज्या ताईकडे एकच गाय आहे, किंवा अर्ध्या शेणाच्या गोवऱ्या थापाव्या लागतात, तिच्यासाठी ही पद्धत आहे.

पण पाण्याचा आकडाही वाचा. १,५०० लिटर म्हणजे १५ लिटरचे १०० हंडे. हे हंडे कुणाच्या डोक्यावर येतात ते मी सांगायला नको. भातसा, तानसा आणि वैतरणेचं पाणी आपल्या तालुक्यातून मुंबईला जातं आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच पाड्यांवर बाया टँकरची वाट बघतात. म्हणून विटांचा मोठा हौद बघून हुरळून जाऊ नका. गटाने पहिल्या वर्षी लहान हौद करावा.

लहान हौद असा : कारवीच्या किंवा बांबूच्या काठ्या विणून कुडासारखी गोल ताटी करा, ४ फूट व्यासाची आणि ३ फूट उंच. आतून लिंपू नका, फटीतून हवा जाऊ द्या. हा हौद मोठ्याच्या पाचव्या हिश्श्याचा होतो. याला साधारण ३०० किलो कचरा, २० किलो शेण, ३५० किलो माती आणि ३०० ते ३५० लिटर पाणी पुरतं. म्हणजे वीस-बावीस हंडे. दहा जणींच्या गटात प्रत्येकीला दोन-अडीच हंडे. यापेक्षा लहान करू नका, ढीग फार लहान असला की आत ऊब धरत नाही.

जागा : उंचवट्यावर, झाडाच्या सावलीत, विहीर किंवा बोअरवेलपासून निदान पन्नास फूट लांब. खाली दगड-मातीचा वीतभर ओटा करून तो ठोकून घ्या.

भरायची रीत :

पहिल्यांदा ओटा आणि ताटीची आतली बाजू शेणपाण्याने ओली करा.

पहिला थर काडीकचऱ्याचा, सहा इंच, म्हणजे वीस-बावीस किलो. हिरवा पाला यातच मिसळा.

दुसरा थर शेणपाण्याचा. एक किलो शेण २५ ते ३० लिटर पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडा. कचरा आधीच ओला असेल तर पाणी कमी करा.

तिसरा थर मातीचा, दहा-बारा किलो चाळलेली माती. काचा, खडे, प्लास्टिक काढलेलं असावं. गोठ्यातली मुतात भिजलेली माती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

असे तीन-तीन थर एकावर एक लावत जा. अकरा-बारा वेळा झालं की ढीग ताटीच्या दीड फूट वर येतो. घराच्या छपरासारखा मधे उंच, कडेला उतरता करा. वर तीन इंच माती घालून शेणमातीने लिंपून घ्या.

सगळा हौद एका दिवसात, फार तर ४८ तासांत भरायचा. रोज एक-एक पाटी टाकत बसलं तर तो परत उकिरडाच होतो. त्यासाठी महिनाभर आधीपासून सुका कचरा साठवा आणि एक दिवस ठरवून सगळ्या मिळून भरा. भातलावणीला आपण एकमेकींच्या शेतात जातो, तसंच हे काम आहे.

पंधरा-वीस दिवसांत ढीग आठ-नऊ इंच खाली बसतो. पुन्हा त्याच क्रमाने वर थर लावून लिंपा. मग भेगा पडल्या की शेणपाणी शिंपडून बुजवायच्या, एवढंच काम. तीन ते चार महिन्यांत खत तयार होतं.

सुरक्षेचं : पेंढ्याच्या ढिगात थेट हात घालू नका, आधी काठीने हलवा. साप, विंचू असतात. पायात चप्पल किंवा बूट घाला. हातापायाला जखम असेल तर त्या दिवशी शेणमातीचं काम दुसरीला द्या. उंदरांच्या मुताने दूषित पाणी जखमेतून आत गेलं की लेप्टो होतो. पावसाळ्यात अंग दुखून ताप आला तर अंगावर काढू नका.

५. कधी भरायचा?

हंगामाप्रमाणे दोन वेळा सोयीच्या आहेत.

दिवाळीनंतर, झोडणी झाली की : पेंढा, तूस, बांधावरचं गवत भरपूर असतं आणि ओहोळाला पाणीही असतं. नोव्हेंबरच्या शेवटी भरलेला हौद मार्चमध्ये तयार. हीच सगळ्यात चांगली वेळ.

फेब्रुवारीत, पानगळीला : पाला भरपूर मिळतो, पण पाणी आटायला लागलेलं असतं. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला खत हाती येतं. भांडी विसळलेलं, तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी साठवून वापरा. साबणाचं पाणी नको. एप्रिल-मेमध्ये नवा हौद भरू नका, पिण्याचं पाणी आधी.

पावसाळ्यात हौद भरायचा असेल तर वर छप्पर हवं आणि भोवती चर हवी. छप्पर जमत नसेल तर पावसाळ्यात फक्त टाकळा आणि गवत कापून वाळवा, हौद दिवाळीनंतर भरा.

६. खत झालं हे कसं ओळखायचं?

रंग गडद तपकिरी, हाताला भुसभुशीत, वास पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा. पेंढ्याची काडी ओळखू येत असेल किंवा ढीग अजून गरम लागत असेल तर थांबा.

आणखी दोन परीक्षा घरच्या घरी. एका करवंटीत खत घेऊन पाणी घाला आणि आठ दिवस ठेवा. तण उगवलं तर आत बी जिवंत आहे. दुसऱ्या करवंटीत खतात माती मिसळून मेथी पेरा. मेथी हिरवी वर आली तर खत पक्कं. उगवलीच नाही किंवा पिवळी पडली तर खत कच्चं आहे, अजून महिनाभर राहू द्या. कच्चं खत शेतात गेलं तर तिथलंच नत्र ओढून घेतं आणि रोप पिवळं पडतं. मग लोक म्हणतात, "बायकांच्या खताने पीक गेलं." म्हणून घाई नको.

गांडूळ खत करायचं असेल तर या हौदातला अर्धवट कुजलेला, थंड झालेला माल गांडुळांना द्या. ताज्या शेणाच्या आणि गरम ढिगाच्या उबेने गांडुळं मरतात. सावली, ओल, आणि मुंग्या-कोंबड्यांपासून राखण एवढं सांभाळलं तर दीड-दोन महिन्यांत खत मिळतं.

७. राबाचं काय करायचं?

आता आपल्या भागातला खरा अवघड प्रश्न. उन्हाळ्यात आपण ऐन-किंजळाच्या फांद्या तोडतो, पाला, गवत आणि शेण राबाच्या जागेवर पसरतो आणि भाजतो. ही चाल जुनी आहे. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही राब भाजण्याचं वर्णन आहे. एवढी वर्षं माणसं उगाच करत नव्हती. भाजल्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते आणि राखेतून पालाश मिळतं. रोप उपटायला सोपं जातं.

पण जे खत झालं असतं ते शेण आणि पाला धूर होऊन जातं. कर्ब गेला, नत्र गेलं, राख तेवढी उरली. जंगल दरवर्षी लांब जातं आणि मे महिन्याच्या उन्हात डोक्यावर कवळाचे भारे आपणच आणतो.

म्हणून एकदम सगळा राब बंद करा असं मी सांगणार नाही. एक वर्ष अर्धा राब भाजा आणि अर्ध्यावर न भाजता गादीवाफा करा : मीटरभर रुंद, वीतभर उंच, दोन्ही बाजूंनी चर, वर चाळलेलं पक्कं खत मातीत मिसळून. पहिला पाऊस झाल्यावर तण उगवू द्या, ते खुरपून काढा आणि मग बी पेरा. राबात तण मारायचं काम विस्तव करतो, इथे ते काम खुरप्याला करावं लागेल हे आधीच सांगते. दोन्हीकडची रोपं वीस-एकवीस दिवसांनी शेजारी ठेवून बघा. घरातल्या माणसांना सांगून पटत नाही, दाखवून पटतं.

शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा राइस तंत्र विकसित केलं आहे. त्यात कायमच्या गादीवाफ्यावर भाताचं बी टोकतात, चिखलणी आणि आवणी नसते आणि कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू देतात. तिथेही विचार हाच आहे, की कर्ब जाळायचा नाही, जमिनीत ठेवायचा. तण कसं आवरायचं हे नीट शिकूनच ते करावं. गटाने मिळून एकदा बघायला जावं असं आहे.

८. शेतात किती घालायचं आणि युरियाचं काय?

भाताला हेक्टरी सुमारे १० टन शेणखत किंवा कंपोस्ट सांगतात. म्हणजे गुंठ्याला १०० किलो. आपल्या लहान हौदातून ६०० किलोच्या आसपास खत निघेल. ते सहा गुंठ्यांना पुरेल. सगळ्या शेतात चिमूटभर उडवण्यापेक्षा सहा गुंठे पुरे करा, पुढच्या वर्षी दुसरे सहा. किंवा ते राबाला आणि भेंडी-काकडीच्या आळ्यांना द्या.

"खत केलं की युरिया नको" असं कुणी सांगितलं तर हिशेब विचारा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र असतं. चांगल्या कंपोस्टमध्ये अर्धा ते दीड टक्का. म्हणजे ६०० किलोत ३ ते ९ किलो, आणि तेही हळूहळू सुटतं. पहिल्या वर्षी युरिया एकदम बंद केला तर पीक मार खाईल. मग खताचा फायदा काय? युरिया पिकाला खाऊ घालतो, मातीला नाही. कंपोस्टने माती पाणी धरते, भुसभुशीत होते, दिलेला युरिया पहिल्या पावसात वाहून न जाता मुळांशी थांबतो. दोन-तीन वर्षं त्याच तुकड्यात खत पडलं की माती परीक्षण करून, सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारून युरियाचा हात आखडता घ्या.

९. खत कुणाचं?

हा प्रश्न पाठाच्या शेवटी आहे, पण गटात तो पहिल्या दिवशीच बोलायला हवा. कचरा बायांनी वेचला, पाणी बायांनी आणलं, हौद बायांनी भरला. खत निघाल्यावर ते कुणाच्या शेतात जाणार? विकलं तर पैसे कुणाच्या हातात येणार? ज्या ताईकडे जमीन नाही तिचा वाटा काय? हे आधी ठरवून ठरावाच्या वहीत लिहा. कोण किती पाट्या कचरा, किती हंडे पाणी, किती दिवस काम, हेही लिहा. जमीन नसलेल्या ताईला तिच्या कामाइतकं खत मिळालंच पाहिजे. ते ती विकेल, परसबागेला घालेल, तिची मर्जी.

विक्रीबद्दल एक सावधगिरी. गावातल्या शेजाऱ्याला पाटीने सुटं खत देणं वेगळं आणि पिशवीवर नाव छापून दुकानात विकणं वेगळं. दुसऱ्यासाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. खताची तपासणी लागते, ओल आणि नत्र ठरल्याप्रमाणे असावं लागतं. आधी आपलं शेत, मग शेजार, मग बाजार.

कचऱ्याचं काम हलकं आहे असं कुणी म्हणालं तर मुंबईचं उदाहरण सांगा. स्त्री मुक्ती संघटनेने १९९८ पासून 'परिसर विकास' नावाने कचरा वेचणाऱ्या बायांना ओल्या कचऱ्याचं खत करायला, सोसायट्यांच्या बागा सांभाळायला शिकवलं. ज्यांना लोक दारात उभं करत नव्हते त्या बाया आज ती कामं करतात. आपल्याकडे तर कचऱ्यासोबत गोठाही आहे आणि रानही आहे.

नाडेप हौद आणि गांडूळ खताचा हौद ही कामं रोजगार हमीतून घेण्याची सोय ठेवलेली होती. सध्या गावाच्या आराखड्यात ती आहेत का, अर्ज कसा करायचा, हे रोजगार सेवकाला आणि ग्रामसभेत विचारा. पण त्याची वाट बघत थांबू नका. कारवीच्या ताटीला कुणाची मंजुरी लागत नाही.

पुढच्या बैठकीसाठी

१. प्रत्येकीने आठ दिवस घरातल्या कचऱ्याचे पाच ढीग करून बघावे. कोणता ढीग सगळ्यात मोठा निघाला ते बैठकीत सांगावं.

२. आपल्या पाड्यावर कोणत्या महिन्यापर्यंत पाणी पुरतं? त्यावरून हौद भरायचा दिवस ठरवा.

३. हौदाची जागा कुणाची? त्या जागेबद्दल घरच्यांशी बोलणं झालं का?

४. खताचा वाटा कसा करायचा? ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या.

५. अर्धा राब न भाजता करून बघायला कोण तयार आहे? निदान दोघी तरी पुढे या.

आपल्यात म्हणतात, बारा वर्षांनी उकिरड्याचंही नशीब फिरतं. आपल्याला बारा वर्षं थांबायचं नाही. दिवाळीनंतर भरलेला हौद शिमग्याच्या सुमारास उघडायचा आहे. ज्या गटाचा हौद पहिला उघडेल त्यांनी त्यातली एक पाटी प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन यावी. वास घेऊन, हातात घेऊन बघू. आणि कुणाचा बिघडला तर तेही सांगायला या. माझा पहिला खड्डा आठवा, आणि लाजू नका.